केडीपी स्फटिकातले दोष कसे शोधायचे

केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पाण्यातल्या द्रावणातून वाढतो. स्फटिक पारदर्शक दिसला की आमची पोरं लगेच खूश होतात. मी म्हणते, थांबा जरा.

टाकीतून काढतानाच निम्मं काम बिघडतं. द्रावण नि खोली यांच्या तापमानात फरक असला की तडा जातो. हाताची ऊबसुद्धा त्याला सोसत नाही.

पुढे अंधार करून हिरवा लेझर बाजूने सोडा आणि काटकोनातून बघा. झोताच्या रेषेत डोळा नको, हे दर वेळी सांगावं लागतं! झोताच्या वाटेत ठिपके चमकले तर ते बहुधा द्रावणाचे अडकलेले थेंब. ते बीजाला (ज्या छोट्या स्फटिकावर वाढ सुरू होते त्याला) लागूनच जास्त सापडतात, कारण तिथला पहिला थर घाईने भरतो.

आता खरी परीक्षा. सी-अक्षाला (स्फटिकाच्या मुख्य, लांबीच्या अक्षाला) काटकोनात कापलेली चकती दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या गाळण्यांमध्ये) ठेवा आणि सरळ समांतर प्रकाश सोडा. निर्दोष भाग काळा राहतो. उजळ डाग म्हणजे आतला ताण. बीजापासून पंख्यासारखे फाटे पसरलेत? डिसलोकेशनवर, म्हणजे आतली रचना एका रेषेत विस्कटल्याच्या दोषावर, संशय घ्या.

लोह, क्रोमियम, ॲल्युमिनियमचे आयन उभ्या बाजूच्या पृष्ठांवर चिकटून त्यांची वाढ अडवतात; स्फटिक टोकाकडे निमुळता होतो. तसं दिसलं तर आधी द्रावणासाठी वापरलेलं केडीपीचं मीठ बदला. द्रावण गाळा, बीज सोडण्यापूर्वी संपृक्ततेच्या तापमानापेक्षा (ज्याच्या खाली मीठ द्रावणातून बाहेर पडू लागतं त्यापेक्षा) वर तापवून ठेवा, आणि सुरुवातीला अगदी हळू थंड करा.