सिझरनंतरची कंबर

सिझर झाल्यावर टाक्यांपेक्षा कंबरेनं जास्त छळलं. "पाठीत इंजेक्शन दिलंय न्हवं, आता जन्मभर दुखणार," हे गल्लीतल्या प्रत्येक काकूनं ऐकवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, भुलीच्या इंजेक्शनच्या जागी थोडे दिवस दुखेल. खरी मेख सैल झालेल्या सांध्यांत, पोटाच्या अशक्त स्नायूंत आणि बसण्यात.

बसणं! मी पलंगावर मांडी घालून, बाळावर वाकून दिवसातनं दहा-बारा वेळा पाजत होते. आईनं मला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी, पायाखाली पाट, आणि जुन्या लुगड्याची वाकळ चौघडी करून मांडीवर. बाळ छातीपर्यंत वर आलं, माझं वाकणंच संपलं. चार दिवसांत फरक जाणवला. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हातावर जोर. टाक्यांनाही हिसका नाही.

पोटपट्ट्यानं मला तरी घामाशिवाय काही दिलं नाही. सहा आठवडे बाळाहून जड काही उचललं नाही. ताप आला, पाय बधिर झाले किंवा लघवी कळेनाशी झाली, तर मात्र शेकत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे बाईंनी बजावलं होतं.

तपासणीनंतर रंकाळा तलावावर चालायला गेले. पहिल्या दिवशी पहिल्या बाकड्यापर्यंतच!