मोठ्या माणसाच्या आतड्यात आतडं शिरलं तर या चुका टाळा

"डॉक्टर, परवापर्यंत लई दुखायलतं, आता काहीच नाही, मग सीटी कशाला?" ओपीडीत हे वाक्य आलं की मी औषधाची चिठ्ठी लिहायची थांबतो. सदरा काढताना बाही अर्धी उलटून आत जाते ना, तसा लहान आतड्याचा तुकडा पुढच्या तुकड्यात शिरतो, कळा येतात, उलट्या होतात आणि कधी कधी तो आपोआप सुटतोही, म्हणून पेशंट महिनोन्‌महिने गॅसच्या गोळ्या, ओवा, सलाईन यातच फिरतो, काहींना तर पुरावा नसताना टीबीचं औषध चालू केलेलं असतं.

हाताला गाठ, जेलीसारखी लाल संडास ही लेकरांची लक्षणं, मोठ्यांत सगळी एकत्र क्वचितच दिसतात. पोट फुगलेलं असलं की सोनोग्राफीत गॅसच गॅस, म्हणून ती नॉर्मल आली तरी गप बसू नका, दुखतंय तेव्हाच सीटी करा, आतड्यात आतडं शिरलेलं असेल तर गोलात गोल दिसतो.

पण गोल दिसला की लगेच चाकू, हीपण चूकच. तुकडा छोटा असेल, साधारण 3.5 सेंमीच्या आत, गाठ नाही, आतडं तुंबलेलं नाही, पेशंट निवांत, तर बऱ्याचदा लक्ष ठेवणं पुरतं.

बाकी ज्यांना ऑपरेशन लागतं त्यांच्यात 10 पैकी 8-9 जणांत आत काहीतरी असतंच: चरबीची गाठ, पॉलिप (आतल्या अस्तरावरचा कोंब), मेकेलची पिशवी (लहान आतड्याला जन्मापासून असलेली छोटी पिशवी), कधी लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) नाहीतर दुसरीकडून आलेला मेलानोमा (बहुधा कातडीचा कॅन्सर). म्हणून लेकरांसारखं गुदद्वारातून हवा सोडून सोडवायचं आणि घरी पाठवायचं, असं इथं चालत नाही.

ऑपरेशनच्या टेबलवर ज्युनिअर डॉक्टर पोरं शिरलेलं आतडं ओढायला बघतात. अरे बाबा, ओढलं की फाटतं! पुढच्या बाजूनं हळूहळू दाबत मागं ढकलायचं, तेही आतडं गुलाबी असेल आणि कॅन्सरचा संशय नसेल तरच. काळं पडलंय, संशय आहे, तर न सोडवता तो भाग आख्खा कापून काढा. ओठांवर काळे ठिपके असले तर पॉलिप अनेक असू शकतात, मग सगळं आतडं तपासा पण कापाकापी कमीत कमी, नाहीतर पचवायला आतडंच उरायचं नाही.

आणि कापून काढलेल्या भागाच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. टाके निघाले की तो न्यायला कुणी येतच नाही, मागं एकाला फोन केला तर तो कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेला आणि रिपोर्टमध्ये लिम्फोमा.