काळ्या कपड्यांवरचे पांढरे पट्टे अखेर गेले

मशीनमधून काढलेल्या काळ्या टी-शर्टवर, विशेषतः शिवणीत, पांढरे पट्टे दिसायचे. नखाने खरवडलं की भुकटी निघायची. पावडर बदलली, सॉफ्टनर वाढवला, उपयोग शून्य. नुसता वैताग!

दोष न विरघळलेल्या पावडरचा निघाला. आधी पावडरचा कप्पा ओढून काढला. तळाशी ओली पावडर दगडासारखी घट्ट बसली होती (मी तिथे कधी पाहिलंच नव्हतं). ती कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासली. मग पावडर निम्मी केली, मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवली आणि टॉप लोडच्या ड्रममध्ये आधी ओतली. कपडे उलटे करून ड्रम पाऊणच भरला. शेवटी एक जादा रिन्स. आधीचे पट्टे पावडरीशिवाय नुसत्या कोमट पाण्याच्या फेरीत गेले. थंड पाण्यातच धुणार असाल तर सरळ लिक्विड घ्या.