भिंतीची भेग बुजवण्याआधी काचेची पट्टी लावा

भेग बुजवली, रंग दिला आणि वर्षभरात ती पुन्हा तिथेच उघडली, असं काळ्या मातीवरच्या घरांत सर्रास होतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून भेग अजून हलते आहे का, ते आधी बघा. गवंडी नंतर बोलवा.

१. भेग जिथे संपते तिथे दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा.

२. काचवाल्याकडून बोटभर रुंदीची पातळ पट्टी कापून आणा. भिंतीचा रंग, पुट्टी खरवडा. पट्टी भेग ओलांडेल अशी धरून फक्त भेगेच्या दोन्ही बाजूंची तिची टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करा. मधला भाग मोकळाच हवा.

३. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या.

पट्टी शाबूत आणि भेग रेघेपुढे गेलेली नाही? मग छिन्नीने भेग थोडी रुंद करून, धूळ झाडून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला) भरा. पट्टी तडकली असेल तर भेग अजून हलते आहे; मग सिमेंटवर पैसे घालवू नका. आधी पाया भिजतोय कुठून ते शोधा: पागोळ्यांचं पाणी, गळका नळ, फुटलेला चेंबर. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. पाणी पायापासून लांब काढून द्या.

भेग तिरकी असून ५ मिमीपेक्षा रुंद असेल, दारं अडकू लागली असतील किंवा फरशी खचत असेल, तर पट्टीची वाट न बघता लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.