नमुन्यात किती घरे घ्यावीत?

कोथरूडमधील किती टक्के घरांत ओला व सुका कचरा वेगळा केला जातो, हे सर्वेक्षणातून काढायचे असेल, तर जिने चढण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: उत्तरात किती टक्क्यांची चूक चालेल आणि त्या उत्तराबद्दल किती खात्री हवी. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी, म्हणजे तेवढ्या खात्रीसाठी, १.९६ हा गुणक घेतात. त्याच्या वर्गाला अपेक्षित प्रमाणाने, तसेच एकातून ते प्रमाण वजा करून उरलेल्या संख्येने गुणावे आणि चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागावे. प्रमाणाचा अंदाज नसल्यास ते ०.५ धरावे, कारण तेथे हा गुणाकार सर्वांत मोठा होतो आणि नमुना कमी पडत नाही. पाच टक्के (म्हणजे ०.०५) चुकीसाठी ३.८४१६ × ०.२५ ÷ ०.००२५ = ३८४.१६, म्हणजे वरचा पूर्णांक घेऊन ३८५ घरे. चूक तीन टक्क्यांवर आणायची म्हटली की हाच आकडा १,०६८ होतो. हौसेने अचूकता मागण्यापूर्वी हाताशी माणसे किती आहेत ते पाहावे.

प्रश्न ६०० सदनिकांच्या एकाच सोसायटीपुरता असेल, तर ३८४.१६ ला (१ + ३८३.१६ ÷ ६००) ने भागावे (३८३.१६ म्हणजे ३८४.१६ वजा एक), २३५ सदनिका पुरतात.

शंभरातील वीस घरे उत्तर देणार नाहीत असे वाटत असेल, तर ३८५ ला ०.८ ने भागून ४८२ दारांची यादी काढावी. (दुपारी एक ते चार बेल वाजवणाऱ्याने पुण्यात याहून मोठी यादी जवळ ठेवावी.) मात्र हे गणित यादृच्छिक निवडीवर, म्हणजे प्रत्येक घराला निवडले जाण्याची समान संधी असण्यावर, उभे आहे; ओळखीच्या दोन सोसायट्यांतच ३८५ घरे भरली, तर पाच टक्क्यांची ती मर्यादा लागू राहत नाही.