आठवडाभर ऑनलाइन शाळा: पाचवीच्या वर्गात या चुका टाळा

नाशिकला गोदावरीच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: उद्या शाळा, सुट्टी की ऑनलाइन? २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना रस्ते बंद झाले, तर पुन्हा तेच. असा एक आठवडा मी पाचवीच्या वर्गाबरोबर काढलाय, आणि सोमवारीच तोंडावर आपटलेय.

कारण शाळेचं वेळापत्रक मी जसंच्या तसं फोनवर आणून ठेवलं. तासिका, मधली सुट्टी, सगळं. पहिल्या तासाला ३८ पैकी १४ मुलं. बाकीच्यांचे फोन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पहिल्या पाळीला गेलेल्या वडिलांच्या खिशात! काही घरांत फोन होता, पण दहावीतल्या दादाचा क्लास त्यावर चालू. तेव्हा लिंक बनवण्याआधी पालकांना एवढंच विचारा, की घरात फोन किती वाजता मोकळा असतो. आमच्याकडे उत्तर आलं संध्याकाळी साडेपाच. मंगळवारपासून तेवढा एकच तास ठेवला. २०२० मध्ये केंद्राने काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं सांगितली होती. सकाळचं वाचन मुलांनी पुस्तकातूनच करायचं, त्याला फोन लागत नाही.

गृहपाठ शेवटी सांगू नका. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांत मीटिंग तोडतं, गूगल मीट ६० मिनिटांत. पहिल्या दिवशी माझं ‘उद्या करून आणायचंय ते...’ अर्ध्यातच लटकलं आणि रात्री अकरापर्यंत पालकांचे मेसेज.

आवाज घुमत असेल, तर जवळपास नक्की दोन फोन एकाच खोलीत चालू असतात. जुळी भावंडं किंवा शेजारचे मित्र. एकाने आवाज आणि माइक दोन्ही बंद करायचे. नुसता माइक बंद करून भागत नाही.

आता एक गंमत. भागाकार चालला होता, ८२४ भागिले ८. ‘पाटी दाखवा’ म्हटलं, तर एका मुलीच्या पाटीवर सगळे आकडे उलटे, आरशात दिसावेत तसे. मला वाटलं, घाईत झालं असेल. दुसऱ्यांदाही तेच. मग तीच म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला उलटं दिसू नये म्हणून उलटं लिहिलं.’ आपला कॅमेरा आपल्याला आरशासारखं दाखवतो, समोरच्याला मात्र सरळच दिसतं. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर बिचारी मुलं अशी मेहनत घेतात.

आपण स्वतः गणित दाखवताना फोन हातात धरू नये, चित्र हलतं. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर दोन पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि त्यांवर फोन, की खाली वही मोकळी. पेन्सिल नको, जाड स्केचपेन घ्या.

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, असं तास चालू असताना सांगणं हा शुद्ध वेडेपणा. ज्या फोनवर तास चाललाय, त्यानेच स्कॅन कसं करणार? कोडखाली सहा अक्षरं छापलेली असतात. ती सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये टाकली तरी धडा उघडतो. ते काम तासानंतरचं.

गृहपाठाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर मागवले, तर प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत्येकाची वही जाऊन बसते आणि बुधवारी ‘जागा नाही’ म्हणून फोन अडतो. फोटो शिक्षकांच्या नंबरवर वेगळे घ्या आणि पालकांना व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करायला सांगा.

शुक्रवारी चाचणी घेतली. जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी! भागाकाराची मांडणी मात्र आमच्या पिढीची, अक्षरही मोठ्या माणसाचं. पालकांवर रागावून उपयोग नाही, चाचणीच चुकीची होती. त्याऐवजी एक गणित द्या आणि ते कसं सोडवलं, हे मिनिटभराच्या व्हॉइस मेसेजमध्ये बोलायला सांगा. मी तेच ८२४ भागिले ८ पुन्हा दिलं. एकाच्या मेसेजमध्ये आधी कुकरची शिट्टी, मग ‘उत्तर तेरा’, आणि ओट्याकडून आईचा आवाज: ‘मधला शून्य कुठे गेला रे?’ मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी हळूच, ‘दोनला आठचा भाग जात नाही... म्हणून शून्य... एकशे तीन.’