कुरळे केस घरच्या घरी स्ट्रेट करताना: आधी पूर्ण वाळवा, मग मशीन हातात घ्या

नाशकात कुरळ्या केसांवर स्ट्रेटनर फिरवायचा सीझन म्हणजे दिवाळी संपल्यापासून होळीपर्यंत, तेव्हा हवा कोरडी असते आणि केलेलं दोन-चार दिवस टिकतं. जुलैत तासभर आरशासमोर बसून केस सपाट करायचे आणि गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला पोचेस्तोवर भुरभुर पावसात सगळं परत फुगलेलं, वरून हेल्मेट. कारण असं की उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध तुटून नव्या आकारात बसतात, पण हवेतला ओलावा लागला की ते पुन्हा सुटतात आणि केस मूळ वळणावर जातात. म्हणजे पावसाळ्यात तुम्ही तीच बट आठवड्यातून तीनदा भाजत बसणार, त्यापेक्षा सरळ वेणी घाला.

पण लग्नसराई आहे, करायचंच आहे, तर ठीक. आदल्या रात्री खोबरेल लावलंत तर चांगलंच, फक्त सकाळी शाम्पूने ते नीट निघालं पाहिजे, कारण तेलकट केसांवर तापलेली पट्टी फिरवली की धूर निघतो आणि पट्टीवर चिकट थर बसतो. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाच्या पाण्याचे घ्या. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच सोडवायचा, आधी बोटांनी मग जाड दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर वर. नंतर खसाखसा पुसू नका, पंचाने किंवा जुन्या टी-शर्टने नुसतं दाबून पाणी टिपा.

आता वाळवणं, आणि इथेच सगळे घाई करतात. कुरळे केस वरून वाळलेले वाटतात पण मानेजवळ आतून ओले असतात. अशा केसावर १८० डिग्री सेल्सिअसची पट्टी दाबली की आतल्या पाण्याची तिथेच वाफ होते, ती केसाच्या आत बुडबुडे करते आणि केस त्या जागी तुटायला लागतो. चर्र असा आवाज आला की लगेच थांबायचं, ती बट ओली आहे. खोक्यावर 'ओल्या केसांवरही चालतो' असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो, कुरळेवाल्यांनी त्या नादी लागू नये. ड्रायरला पुढचं चपटं तोंड लावा, मध्यम गरम ठेवा, बट कंगव्याने ताणून धरा आणि हवा मुळाकडून टोकाकडे सोडा, अर्धं काम इथेच होतं आणि स्ट्रेटनरला कमी मेहनत पडते. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवायचा स्प्रे मारला की तोही वाळू द्यायचा, तोही ओलाच असतो ना. आणि स्प्रे मारला म्हणजे चिलखत घातलं असं नाही, नुकसान थोडं कमी होतं इतकंच.

टेंपरेचर. पातळ, कलर केलेले किंवा ब्लीच केलेले केस असतील तर १५० किंवा त्याच्याही खाली, साधारण केसांना १६५ ते १८०, फारच जाड आणि घट्ट कुरळे असतील तर १९० पर्यंत. मशीनवर २३० दिसतं म्हणून ते तुमच्यासाठी आहे असं नाही. मेन रोडवर स्वस्तात मिळणारा, नुसतं ऑन-ऑफ बटण असलेला घेऊ नका, किती तापलाय ते कळतच नाही. अमेरिकेतून कुणी आणून दिलेला असेल तर त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये जळेल.

केसांचे चार भाग करून क्लचर लावा, सुरुवात मानेकडून. बट इतकी पातळ घ्या की तिच्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. पुढे कंगवा, त्याच्या मागोमाग स्ट्रेटनर, मुळापासून बोटभर जागा सोडून, एकाच संथ चालीने खालपर्यंत, मध्ये कुठेही थांबायचं नाही. दोनदा फिरवूनही बट सरळ होत नसेल तर बट जाड घेतलीय किंवा मशीन कमी तापलंय, पुढच्या बटेला पातळ घ्या किंवा १० डिग्री वाढवा, पण त्याच बटेवर तिसऱ्यांदा फिरवू नका. कपाळावरचे बारीक केस सगळ्यात शेवटी, कमी गरमवर. कान किंवा मान भाजली तर वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा, टूथपेस्ट नको, बर्फ नको, आणि डोळ्याजवळ भाजलं किंवा फोड आला तर डॉक्टरकडे जा. गरम स्ट्रेटनर गादीवर टेकवायचा नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

ऑनलाइन मिळणारी केराटिनची, म्हणजे केस जास्त दिवस सरळ ठेवायची किटं घरी वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातल्या काहींचं औषध लावून वरून स्ट्रेटनर फिरवला की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि आपण दार लावून बाथरूममध्ये उभे.

झाल्यावर केस गार होऊ द्या, मग दोन थेंब सीरम टोकांना. रात्री जुन्या सिल्कच्या ओढणीत सैल गुंडाळून झोपा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन बटा सोडून कशालाही मशीन लावू नका. आठवड्यातून एकदाच्या वर नकोच, महिन्यातून एक-दोनदा असेल तर उत्तम.

पुढच्या वेळी केस धुतले की एक बट ओली असताना बघा, नेहमीसारखी गोल वळते का. काही बटा मधूनच सरळ, दोरीसारख्या लोंबत राहिल्या तर तिथला केस भाजलाय, तो कुठल्याही मास्कने परत कुरळा होत नाही, तेवढं कापायचं आणि नवीन वाढेपर्यंत मशीन कपाटात.